आभासी स्विचची प्रतिष्ठापना

राउटर आणि स्विच यांनी भरलेले कपाट विकत घेण्याइतके द्रव्य ज्याच्यापाशी नाही, अशा विद्यार्थ्यालाही नेटवर्कची तालीम घरच्या संगणकावर करता यावी, ही सोय क्रिस्टोफ फिलो यांनी २००५ साली आरंभिलेल्या ‘डायनामिप्स’ या राउटरची नक्कल करणाऱ्या प्रणालीमुळे आणि पुढे जेरेमी ग्रॉसमन यांनी तिला दिलेल्या ‘जीएनएस-३’ या चित्रमय रूपामुळे झाली; आणि हे विद्यादानाचे थोर कार्य होय, असे मानण्यास प्रत्यवाय नाही.

परंतु राउटरची नक्कल जितकी सुकर, तितकीच स्विचची दुर्घट. राउटरचा बराचसा कारभार मध्यवर्ती प्रोसेसरवरील प्रणालीच्या हाती असतो, आणि प्रोसेसरचे अनुकरण साधते. उलट सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचमध्ये आलेली फ्रेम कोणत्या पोर्टातून रवाना करावी याचा निवाडा खास त्याच कामासाठी घडविलेली चिप करते, आणि तिची अंतर्रचना कंपनी प्रकट करीत नाही. म्हणून जाणकारांनी वेगळी तजवीज केली: ३७०० मालिकेच्या आभासी राउटरच्या खाचेत ‘एनएम-१६ईएसडब्ल्यू’ हे १६ पोर्टांचे कार्ड बसवायचे आणि त्या राउटरकडूनच स्विचचे काम करून घ्यायचे. मात्र रिकामा बसलेला आभासी प्रोसेसरही खऱ्या प्रोसेसरला अखंड राबवितो. तेव्हा त्या रिकाम्या फेऱ्या ओळखून यजमान संगणकाला विसावा देणारे ‘आयडल-पीसी’ मूल्य आधी नेमून घ्यावे. व्हीलॅन निर्माण करण्याचा हुकूम येथे जुन्या शिरस्त्याने ‘व्हीलॅन डेटाबेस’मध्ये शिरून द्यावा लागतो, बाकी ॲक्सेस आणि ट्रंक पोर्टांची मांडणी परिचितच आहे.

जीएनएस-३ मध्ये एक साधा तयार स्विचही आहे, पण त्यास स्पॅनिंग ट्री ठाऊक नाही. असे दोन स्विच दोन केबलांनी जोडले, की एकच ब्रॉडकास्ट फ्रेम अव्याहत फिरत राहते, कारण ईथरनेटच्या फ्रेमला आयुर्मर्यादाच नसते. याच आपत्तीवर रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना स्पॅनिंग ट्री हा उपाय शोधला. वरील कार्ड घातलेले दोन राउटर तसेच जोडले, तर सर्वांत लहान ब्रिज-आयडीचा स्विच मूळपदी (रूट) येतो. प्राधान्य मुळात दोघांचेही ३२७६८ असल्याने निर्णय मॅक पत्त्यावर लागतो, आणि दुसऱ्या स्विचचा एक पोर्ट रोखला जातो. माझ्या मते या साऱ्या खटाटोपाचे मोल पुढील प्रयोगात आहे: दोहों बाजूंच्या संगणकांत पिंग चालू ठेवून, मूळ नसलेल्या स्विचवर जाऊन चालता दुवा तोडावा, आणि रोखलेला पोर्ट १५ सेकंद ऐकण्यात व १५ सेकंद शिकण्यात घालवून वाहतूक पुन्हा सुरू करतो, ते घड्याळ लावून पाहावे, मग प्राधान्य बदलून दुसऱ्या स्विचला मूळपद द्यावे आणि कोणता पोर्ट रोखला जाईल ते आधी कागदावर मांडून ताडून घ्यावे.