फिल्डवर्कचे फोटो उडाले तर? मेमरी कार्ड, सेक्टर नंबर आणि वही

गेल्या जुलैत एका संध्याकाळी मी दिवसभराचं काम दोन बटणं दाबून पुसून टाकलं. अंबरनाथच्या शिवमंदिराचे २१२ फोटो काढून, भिजत, बदलापूरला घरी आले होते. बॅगेत एकसारखी दिसणारी दोन ३२ जीबीची कार्डं. दुसऱ्या दिवसासाठी रिकामं कार्ड तयार ठेवू म्हणून त्यातलं एक कॅमेऱ्यात घातलं, फॉरमॅट केलं, आणि कॅमेऱ्यात पाणी तर गेलं नाही ना हे बघायला खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे तीन फोटो काढले. मग दुसरं कार्ड लॅपटॉपला लावलं, तर ते रिकामं.

उद्या जाऊन परत काढू, असं म्हणता येत नव्हतं. माझा विषय मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरच्या दगडाची झीज. हे देऊळ शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातलं; तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असं साल आहे. शेजारून वालधुनी वाहते. कोरड्या दगडावर जोराचा पाऊस आला की पाणी कुठून ओघळतं, कुठल्या मूर्तीचं तोंड आधी भिजतं आणि कुठली खाच शेवटपर्यंत कोरडी राहते, हे मला टिपायचं होतं. त्यासाठी आधी आठवडाभराची उघडीप हवी आणि मग पहिली मोठी सर हवी. ती त्या दिवशी मिळाली होती. दुसऱ्या दिवशी सगळा दगड ओलाच होता.

तर हे लिहितेय ते अशी वेळ आलेल्या, किंवा कधीतरी येणारच असलेल्या, तुमच्यासाठी. त्यात सॉफ्टवेअरचा भाग आहे, पण मला स्वतःला जास्त शिकवलं ते त्यानंतरच्या भागानं.

पहिल्यांदा मी मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर रडले. लगेच उत्तर आलं, "कार्ड उल्हासनगरहून घेतलंस ना? मग काय!" आमच्या पट्ट्यातला हा जुना विनोद: 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. मलाही क्षणभर बरं वाटलं, कारण दोष कार्डाचा ठरला असता. बनावट कार्डं असतात, हे खरंच आहे. आत जागा ८ जीबीची आणि कंट्रोलर सांगतो ६४. जागा संपल्यावरही कार्ड 'लिहिलं' म्हणतं आणि फोटो कुठेच जात नाही. पण हे तपासता येतं. एफ३ नावाचा मोफत प्रोग्रॅम कार्डभर फाईली लिहितो आणि परत वाचून ताडून बघतो. नंतर, सगळं वाचवून झाल्यावर, मी तो चालवला (आधी चालवला असता तर उरलंसुरलंही पुसलं गेलं असतं). कार्ड चोख निघालं. खोट माझ्यात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्प ३ मधल्या एका मोबाईल रिपेअरवाल्या काकांकडे गेले. त्यांनी कार्ड हातातही घेतलं नाही. आधी विचारलं, "इसके बाद कुछ डाला तो नहीं?" मी म्हटलं, तीन फोटो. "तो तीन का पैसा गया. अब हाथ मत लगाना." एवढं बोलून ते पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळले. या विषयावरचं जेवढं नंतर वाचलं, त्याचा गाभा त्या दोन वाक्यांत होता. कसा, ते सांगते.

३२ जीबीपर्यंतच्या एसडीएचसी कार्डांवर फॅट३२ ही फाईल सिस्टिम असते. त्याहून मोठ्या एसडीएक्ससी कार्डांवर एक्सफॅट. फॅट म्हणजे फाईल अ‍ॅलोकेशन टेबल. कार्डाची जागा छोट्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे क्लस्टरमध्ये, विभागलेली असते. कुठला फोटो कुठल्या क्लस्टरपासून सुरू होतो हे डिरेक्टरीत लिहिलेलं असतं, आणि त्यापुढचा क्लस्टर कोणता, त्याच्यापुढचा कोणता, ही साखळी टेबलमध्ये. एखाददुसरा फोटो डिलीट केला की त्याच्या नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे एक खूण (हेक्समध्ये ई५) टाकली जाते आणि साखळी शून्य केली जाते. फॉरमॅट केल्यावर टेबल आणि मुख्य डिरेक्टरी दोन्ही नव्यानं कोऱ्या होतात. फोटोचा मजकूर मात्र दोन्ही वेळा सहसा जागेवरच असतो. सोसायटीच्या गेटवरची नावांची पाटी पुसली, म्हणून माणसं घर सोडून जात नाहीत. (काही कॅमेऱ्यांत 'लो लेव्हल फॉरमॅट' असा पर्याय असतो. तो निवडला असेल तर मात्र आशा फार ठेवू नका.)

धोका पुढच्या लिखाणाचा. कॅमेऱ्याच्या दृष्टीनं कार्ड रिकामं आहे, त्यामुळे तो नवा फोटो बिनदिक्कत पहिल्या रिकाम्या जागेत टाकतो. माझ्या खिडकीतल्या तीन फोटोंनी नेमकं हेच केलं.

म्हणून आधी कार्ड बाहेर काढायचं. बाजूची छोटी लॉकची पट्टी खाली करायची. ती पक्कं कुलूप नव्हे, वाचणाऱ्या यंत्राला केलेली विनंती आहे, तरी करायची. लॅपटॉप 'फॉरमॅट करू का?' किंवा 'दुरुस्त करू का?' असं विचारेल, दोन्हीला नाही म्हणायचं. मग संपूर्ण कार्डाची, रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट, बिट न् बिट नक्कल एका फाईलमध्ये घ्यायची. लिनक्सवर डीडी किंवा डीडीरेस्क्यू हे काम करतात. कार्ड मधेच अडखळत असेल तर डीडीरेस्क्यूच घ्या, तो वाईट भाग नंतरसाठी बाजूला ठेवून आधी चांगला भाग वाचून घेतो. माझ्या जुन्या रीडरवर याला अर्धा तास लागला. त्या नकलेचा एसएचए-२५६ हॅश काढून वहीत लिहिला आणि कार्ड पाकिटात बंद केलं. पुढचे सगळे प्रयोग नकलेवर. प्रयोग फसला, तर मूळ कार्ड शाबूत.

फोटो शोधायला मी क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं फोटोरेक वापरलं. मोफत आहे, दिसायला काळ्या पडद्याचं आहे, घाबरू नका. ते टेबल बघतच नाही. जेपीईजी फाईल एफएफ डी८ एफएफ या बाइट्सनी सुरू होते आणि एफएफ डी९ नं संपते. फोटोरेक कार्डावरून सरकत जातं, अशी सुरुवात दिसली की तिथून फाईल कापून बाहेर काढतं. याला फाईल कार्व्हिंग म्हणतात.

यात गृहीतक असं, की फोटो सलग जागेत आहे. नसेल तर? सिम्सन गारफिंकेल यांनी २००७ साली वापरलेल्या हार्ड डिस्कचा अभ्यास करून दाखवलं होतं, की त्यांवरच्या जेपीईजी फाईलींपैकी सुमारे १६ टक्के तुकड्यांत विखुरलेल्या होत्या. कॅमेऱ्याच्या कार्डावर फोटो एकामागून एक लिहिले जातात, त्यामुळे तिथे हा त्रास कमी. पण मी त्या दिवशी देवळातच उभ्या उभ्या काही हललेले फोटो डिलीट केले होते. प्रत्येक फोटोचा आकार थोडा वेगळा. नंतरचे दोन फोटो त्या भोकांत पुरते मावले नाहीत, उरलेला भाग पुढे कुठेतरी गेला. ते दोन परत आले तेव्हा वरची अर्धी मूर्ती नीट आणि खाली राखाडी पट्टा. तेव्हापासून कॅमेऱ्यात काहीही डिलीट करत नाही.

एकूण बाहेर आल्या २९९ फाईली. खिडकीतले ३. त्या दिवशीचे २०८, त्यातले ते दोन अर्धे. उरलेले ८८ आठवड्यापूर्वीच्या कोरड्या दिवसाचे. तेव्हा याच कार्डावर ३०० फोटो काढले होते आणि नवे २१२ जिथपर्यंत पोचले त्याच्या पुढचे जुने तसेच पडून होते. पहिल्या रात्री मी एवढ्या फाईली बघून खूश झाले आणि सगळ्या एका फोल्डरमध्ये टाकल्या. सरांना दाखवल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "यातला ओला दगड आणि कोरडा दगड तू डोळ्यांनी ठरवणार आहेस?"

इथे खरं काम सुरू झालं. परत आलेल्या फोटोंना नावं नव्हती. नावं डिरेक्टरीत होती, ती गेली. फोटोरेक फाईलला 'एफ' आणि पुढे सेक्टर नंबर असं नाव देतं. हा नंबर निरर्थक वाटतो, पण कॅमेरा पुढे पुढे लिहीत जातो, म्हणून सेक्टरचा क्रम बहुतेक ठिकाणी फोटो काढल्याचाच क्रम असतो. दुसरा पुरावा फोटोच्या आतला एक्झिफ, त्यात तारीख आणि वेळ असते. पण ती वेळ कॅमेऱ्याच्या घड्याळाची, आणि ते घड्याळ आपणच लावलेलं. माझं सात मिनिटं पुढे आहे. तिसरा पुरावा वही. 'दक्षिण भिंत, खालून दुसरा थर, डावीकडून ४ ते ११, पाऊस चालू, ११.४०' अशा ओळी. अंबरनाथच्या भिंतींवर एकसारख्या वाटणाऱ्या आकृत्या इतक्या आहेत, की जवळून काढलेला फोटो कुठला हे वहीशिवाय सांगणं अशक्य.

तिन्ही जुळवायचे तर घड्याळाचा फरक नेमका हवा. त्यासाठी मी दर फेरीला अंबरनाथ स्टेशनवर उतरल्या उतरल्या प्लॅटफॉर्मच्या इंडिकेटरवरच्या वेळेचा फोटो काढते. म्हणजे तो कार्डावरचा पहिला फोटो. म्हणजे खिडकीनं सगळ्यात आधी तोच खाल्ला. परततानाही एक काढायचा असतो, पण त्या दिवशी पावसात कॅमेरा पिशवीतून काढलाच नव्हता.

सुटका झाली ती कचरा समजून बाजूला काढलेल्या ८८ फोटोंमुळे. त्यातला शेवटचा फोटो कोरड्या दिवशीच्या परतीचा इंडिकेटर होता. त्यात फरक ७ मिनिटं १० सेकंद. उडाल्यानंतरच्या फेरीत पुन्हा मोजला, ७ मिनिटं १४ सेकंद. मधल्या दिवशी फरक या दोन्हींच्या दरम्यान असणार, आणि माझ्या वहीतल्या नोंदी मिनिटाच्या आहेत, तेव्हा एवढं पुरे. तीन संध्याकाळी बसून २०८ फोटो वहीतल्या ओळींशी लावले. दोन ठिकाणी सेक्टरचा क्रम आणि वेळ यांचं जमेना. ती तीच डिलीट केलेली भोकं निघाली.

चार फोटो आले नाहीत. पहिल्या तीनवर खिडकी बसली, आणि ते तीन थोडे मोठे भरल्यामुळे चौथ्याची सुरुवात गेली; उरलेलं धड तिथे असेलही, पण डोकं नसलेल्या फाईलला फोटोरेक ओळखत नाही. वहीप्रमाणे चौथा फोटो दक्षिण भिंतीच्या कोपऱ्याचा, सर सुरू होतानाचा. तो मला हवा होता. डिसेंबरात तोच कोपरा पाण्याची बाटली ओतून काढावा, असंही एकदा मनात आलं, आणि कुणाला कळलंही नसतं.

१८६८ साली मुंबई सरकारनं या देवळाची रेखाटनं आणि साचे करवून घेतले होते. त्या काळच्या चित्रांशी आजच्या भिंती ताडून बघता येतात, कारण काय कुठून घेतलं याची नोंद सोबत छापली गेली. माझ्या परिशिष्टात आता एक पान आहे: फोटो कसे गेले, नकलेचा हॅश, कोणत्या सॉफ्टवेअरनं काढले, क्रम कसा लावला, दोन अर्धे कोणते. तक्त्यात चार ओळींपुढे 'उपलब्ध नाही' असं लिहिलंय. आणि दोन्ही कार्डांवर नेलपॉलिशचा ठिपका आहे, एकावर लाल, एकावर हिरवा.