चप्पल आपली, कागद कुणाचा?

कोल्हापुरी चप्पल ही कुणा धन्नाशेठची निर्मिती नव्हे. ढोर समाजाने कातडी कमावली, चर्मकार समाजाने ती कापली, शिवली, तिच्यावर वेणी घातली. ज्या हातांचा गावाने विटाळ मानला, त्याच हातांची वस्तू गावचा पाटील पायात घालून मिरवत राहिला. आज तीच चप्पल मोबाईलवर विकली जाते. विकणारा मात्र अनेकदा कारागीर नसतो, मधला व्यापारी असतो. असे का व्हावे? भांडवल नाही हे एक कारण. दुसरे कारण आहे कागद, आणि त्याची चर्चा आपल्याकडे होत नाही.

जीएसटीचेच घ्या. महाराष्ट्रात दुकानात माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर त्याला साधारणपणे नोंदणी लागत नाही. पण तोच माल एखाद्या ऑनलाईन कंपनीमार्फत विकायचा म्हटले की पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती. 1 ऑक्टोबर 2023 पासून छोट्या विक्रेत्याला सूट मिळाली, पण अटीसह. पॅन हवे, पोर्टलवर नावनोंदणी हवी आणि माल राज्याबाहेर जाता कामा नये. म्हणजे कोल्हापूरचा कारागीर या सवलतीत नागपूरला जोड पाठवू शकतो, शेजारच्या बेळगावला नाही! बेळगावची मागणी घ्यायची तर पूर्ण नोंदणी आणि विवरणपत्रे आलीच. व्यापाऱ्याकडे त्यासाठी मुनीम असतो. आपल्या माणसाकडे कोण आहे?

दुसरा कायदा ग्राहकाचा. ई-कॉमर्सचे नियम जुलै 2020 मध्ये लागू झाले. एकूण किंमत स्पष्ट सांगावी, माल कोणत्या देशात बनला ते सांगावे, खराब माल परत घ्यायला नकार देऊ नये, खोटे अभिप्राय लिहू नयेत, तक्रारीसाठी अधिकारी नेमावा, तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी, ती महिन्याभरात सोडवावी. एकट्याने धंदा करणाऱ्याने हा अधिकारी म्हणून स्वतःचेच नाव द्यावे. हे नियम प्रामाणिक कारागिराच्या विरोधात नाहीत. उलट, यंत्रावरचा नकली माल 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून खपवणाऱ्याला ते अडचणीचे आहेत. बंद पाकिटातला माल असेल तर उत्पादकाचे नाव-पत्ता, परिमाण आणि कमाल किरकोळ किंमत ऑनलाईनही दाखवणे 1 जानेवारी 2018 पासून बंधनकारक आहे. आपल्या भगिनींचे बचतगट चटणी, मसाले विकतात. त्यांना अन्नसुरक्षा कायद्याची नोंदणी घ्यावी लागते आणि तिचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो.

नियमाप्रमाणे विक्रेत्याचे व्यवसायाचे नाव आणि पत्ता गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे. इथे आपल्या माणसाच्या मनात वेगळीच धास्ती असते. आडनाव वाचून गिऱ्हाईक परत फिरेल का? ही धास्ती खोटी नाही. विलायतेहून शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यवहाराचा सल्ला देण्याचे काम सुरू केले, तेव्हा त्यांची जात कळताच गिऱ्हाईक तुटले होते. पण आमचे म्हणणे असे की चप्पलेच्या बाबतीत नाव लपवण्यात आपलाच तोटा आहे. कारण इथे कायदाच मूळ निर्मात्याची ओळख मागतो.

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे तिचे जिल्हे. मानांकन आहे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकातले लिडकर या दोघांच्या नावावर. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या मंचावर तशीच चप्पल आणली. ओरड झाल्यावर कोल्हापुरीचे ऋण कबूल केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, पण याचिकाकर्ते मानांकनाचे मालक नाहीत म्हणून जुलै 2025 मध्ये याचिका फेटाळली गेली. यातला धडा ओळखा. कायदा कळवळा पाहत नाही, नोंदवहीतले नाव पाहतो. या वहीत 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून ज्याचे नाव आहे, तोच नकली मालाविरुद्ध स्वतः दाद मागू शकतो. खोट्या मानांकनाला 1999 च्या कायद्यात किमान सहा महिने कैदेची तरतूद आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. महामंडळाने कर्जाच्या फाईली सांभाळण्यावर न थांबता प्रत्येक कारागिराचे नाव या वहीत चढवावे, तेही त्याच्या दारात जाऊन. सरकारने हस्तकारागिराला राज्याबाहेरच्या ऑनलाईन विक्रीतही सवलत द्यावी. आणि आपणही हात बांधून बसू नये. समाजात वकील आहेत, लेखापाल आहेत, संगणक शिकलेली पोरे आहेत. त्यांनी दर रविवारी दोन तास बुद्धविहारात, समाजमंदिरात बसून पॅन, नोंदणी आणि अर्जांचे काम करून द्यावे. कोणताही व्यवसाय करण्याचा अधिकार संविधानाच्या कलम 19 ने दिला आहे. तो अधिकार कागदावाचून अडून राहिला, तर नफा मधल्या माणसाचा आणि शिवण तेवढी आपली, हेच पुढच्या पिढीच्याही वाट्याला येईल.