कोड फुकट, तपासणी महाग

मोबाइलवरून पैसे पाठवा, रेल्वेचं तिकीट काढा किंवा नुसतं एखादं संकेतस्थळ उघडा; पडद्यामागे कुठे ना कुठे ओपन सोर्स सॉफ्टवेअर राबत असतंच. अशा सॉफ्टवेअरचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो, परवान्याच्या अटी पाळून बदलता येतो आणि केलेला बदल मूळ प्रकल्पाला देऊ करता येतो. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेला लिनक्स कर्नल याच वाटेने वाढला आणि आज अँड्रॉइड फोनच्या मुळाशी आहे. त्यामुळे इंजिनिअरिंगच्या मुलांना हल्ली हमखास सल्ला मिळतो: ओपन सोर्समध्ये कोड द्या, शिकायला मिळेल, बायोडेटाही वजनदार होईल. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. या व्यवहारात कोड देऊ करणं हा सर्वांत स्वस्त भाग. तो तपासणं आणि पुढे वर्षानुवर्षं सांभाळणं हा महाग. तेव्हा किती ओळी लिहिल्या हे मोजण्यापेक्षा तपासणाऱ्याचा भार वाढला की हलका झाला, यावरून योगदानाचं मोल ठरवायला हवं.

हा भार कुठून येतो, ते एका बदलाचा प्रवास पाहिला की कळतं. बदल करणारा प्रकल्पाची प्रत आपल्या संगणकावर उतरवतो, दुरुस्ती करतो आणि ती ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणून किंवा लिनक्ससारख्या प्रकल्पात ईमेलने ‘पॅच’ म्हणून पाठवतो. पॅच दिसायला साधा: काढलेल्या ओळीपुढे वजा, घातलेल्या ओळीपुढे अधिक, वर बदल कशासाठी केला याचा खुलासा आणि खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी नावानिशी सही. लिनक्समध्ये २००४पासून रूढ झालेली ही सही म्हणजे हा कोड देण्याचा मला हक्क आहे, याची लेखी हमी. काय बदललं हे या खुणांवरून लगेच दिसतं; पण त्या बदलामुळे आणखी कुठे काय बिघडेल, हे दिसत नाही. ते ताडायचं काम मेंटेनरचं, म्हणजे त्या भागाची जबाबदारी घेतलेल्या माणसाचं. लिनक्सची नवी आवृत्ती साधारण ९-१० आठवड्यांनी निघते आणि एकेका आवृत्तीत १०,०००हून अधिक बदल असतात. बदल स्वीकारला गेला की देणारा मोकळा; पुढे दोष निघाला तर निस्तरायचं मेंटेनरने. दारात हत्ती बांधून जाणाऱ्याचं दानशूर म्हणून नाव होतं. त्याला रोज चारा घालणाऱ्याला कुणी विचारत नाही.

तपासणी चुकली तर काय होतं, ते २०१४च्या एप्रिलमध्ये जगाने पाहिलं. संकेतस्थळाशी होणारी आपली देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये २०११च्या अखेरीस एका योगदानातून नवी सोय आली होती. संपर्क जिवंत आहे ना हे पाहण्यासाठी एका संगणकाने छोटा मजकूर आणि त्याची लांबी पाठवायची, दुसऱ्याने तोच मजकूर परत करायचा. सांगितलेली लांबी खरी आहे का, हे मात्र कोड पडताळत नव्हता. त्यामुळे चार अक्षरं पाठवून ‘ही ६४ हजार आहेत’ असं सांगितलं, की सर्व्हर आपल्या मेमरीतला शेजारचा मजकूरही देऊन टाकी. त्यात पासवर्ड असू शकत, गुप्त किल्ल्याही. ‘हार्टब्लीड’ नावाने गाजलेला हा दोष लिहिणाऱ्याच्या नजरेतून निसटला, तपासणाऱ्याच्याही, आणि दोन वर्षं वापरात राहिला. जगभरच्या सर्व्हरांचा भरवसा ज्या प्रकल्पावर होता, तिथे पूर्णवेळ काम करणारा जेमतेम एक माणूस होता. नवी सोय लिहून देणारा मिळाला. ती सावकाश वाचणारे पुरेसे नव्हते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की कोड उघडा असल्यामुळे त्यावर हजारो डोळे असतात आणि दोष आपोआप सापडतात. एरिक रेमंड यांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या या विचारात तथ्य आहे. २०२४च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जादा लागतोय असं जाणवलं. त्याने पिच्छा पुरवला आणि फाइली आक्रसणाऱ्या ‘एक्सझेड’ या साधनात पेरलेला चोरदरवाजा उघडकीला आला. कोड बंद असता तर हा माग काढणं कितीतरी अवघड गेलं असतं. पण याच घटनेची दुसरी बाजू पाहा. चोरदरवाजा पेरणारी व्यक्ती २०२१पासून उपयोगी दिसणारे पॅच देत होती. प्रकल्प सांभाळणारा मेंटेनर एकटा, बिनपगारी आणि थकलेला. काम लवकर होत नाही म्हणून इतर खात्यांवरून त्याच्यामागे तगादा लागला आणि अखेर त्याने मदतीला आलेल्या याच व्यक्तीला सहमेंटेनर केलं. कोड सर्वांना दिसतो म्हणून तो कुणी वाचतोच असं नाही. आणि एकट्या पडलेल्या मेंटेनरला पुढे आलेला हात पारखून घ्यायलाही उसंत नसते.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे: तपासणीचा एवढा बाऊ केला तर नवख्यांनी यायचंच नाही का? यायलाच हवं, पण कशासाठी यायचं ते ठरवून. डिजिटलओशन कंपनीच्या ‘हॅक्टोबरफेस्ट’ या ऑक्टोबरमधल्या उपक्रमात चार पुल रिक्वेस्टना टी-शर्ट मिळे. २०२० साली एखाददुसरा शब्द बदललेल्या निरर्थक रिक्वेस्टचा असा पूर लोटला, की ३ ऑक्टोबरलाच नियम बदलून उपक्रम राजीखुशीने सामील होणाऱ्या प्रकल्पांपुरता ठेवावा लागला. आता कोड लिहून द्यायला एआय आहे. म्हणजे देणं आणखी स्वस्त झालं, तपासणं होतं तिथेच राहिलं. ‘कर्ल’ या साधनाचे स्वीडिश कर्ते डॅनियल स्टेनबर्ग २०२४पासून एआयने रचलेल्या पोकळ सुरक्षा-तक्रारींबद्दल जाहीरपणे लिहीत आले आहेत. याउलट नवख्याला करता येईल असं मोलाचं काम आपल्या लिपीतही आहे. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे. अनेक मुक्त फॉन्टांत दोन्ही आकार असतात, पण मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरने फॉन्टला कळवलं नाही तर हिंदी वळण उमटतं. कोणत्या आवृत्तीत, कोणत्या शब्दात हे घडलं, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, हे चित्रासह नेमकं कळवलं तर मेंटेनरचे कित्येक तास वाचतात. त्यासाठी कोडची एक ओळही लिहावी लागत नाही. हवा असतो मराठी वाचणारा डोळा.

राहिला पैशाचा प्रश्न. हौसेने चालणाऱ्या कामात कंपन्यांनी पैसे ओतले तर ते त्यांच्या ताब्यात जाईल, ही भीती निराधार नाही. पण लिनक्सचा बहुतांश कोड आज नोकरदार अभियंतेच लिहितात आणि परवाना खुला असल्याने तो सर्वांचाच राहतो. धोका आहे तो फक्त नव्या सोयींना पैसा मिळण्यात आणि देखभालीला न मिळण्यात. हार्टब्लीडनंतर बड्या कंपन्यांनी एकत्र येऊन ओपनएसएसएलसारख्या प्रकल्पांना निधी दिला. ते शहाणपण अपघाताआधी यायला हवं. कॉलेजांनीही ‘किती पुल रिक्वेस्ट स्वीकारल्या गेल्या’ एवढंच विचारणं सोडावं. दुसऱ्याचे किती बदल वाचले, किती चाचण्या लिहिल्या, आपण दिलेल्या कोडमध्ये दोष निघाल्यावर तो दुरुस्त करायला परत आलात का, हे प्रश्न विद्यार्थ्याची पारख अधिक नेमकी करतील आणि प्रकल्पालाही जगवतील.