फळमाशीच्या कोषावर पहारा

आनुवंशिकतेचा धडा सुरू झाला तेव्हा सरांनी प्रयोगशाळेत एक बाटली आणली. आत केळ्याचा लगदा आणि लाल डोळ्यांच्या बारीक माश्या. मॉर्गन यांनी ज्या ड्रोसोफिलावर संशोधन केले, ती हीच. मेसमधल्या अतिपिकल्या केळ्यांवर घोंघावणारी ही माशी मला निरुपद्रवी वाटत होती. सर म्हणाले, "हिची एक बहीण मात्र बागाच्या बागा रडवते." त्या बहिणीविषयी मी जे वाचले ते येथे देत आहे.

तिचे नाव ड्रोसोफिला सुझुकी. मूळची पूर्व आशियातली. नराच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका असतो, पण खरे हत्यार मादीजवळ आहे. साधी फळमाशी सडू लागलेल्या फळावर अंडी घालते, त्यामुळे शेतकऱ्याचे फारसे बिघडत नाही. सुझुकीच्या मादीच्या अंडी घालण्याच्या नळीला करवतीसारखे दाते असतात. झाडावर पिकत असलेल्या चांगल्या फळाची साल त्यांनी कापून ती आत अंडे ठेवते. चेरी, रास्पबेरी, स्ट्रॉबेरी ही पातळ सालीची फळे तिच्या खास आवडीची. बाहेरून फळ ठीक दिसते, आत अळी गर खात असते. तिच्यापर्यंत औषध पोहोचणे कठीण, आणि तोडणीच्या तोंडावर फवारावे तर तेच औषध खाणाऱ्याच्या पोटात जायचे.

2008 साली ही माशी कॅलिफोर्निया, स्पेन आणि इटलीत आढळली. 2009 मध्ये उत्तर इटलीतल्या त्रेंतिनो भागात तिने बेरीच्या मळ्यांचे नुकसान केल्याची नोंद आहे.

युरोपात फळमाशीचे स्थानिक शत्रू होतेच. परोपजीवी गांधीलमाश्या म्हणतात त्यांना, पण नावाला घाबरू नका. त्या दोनेक मिलिमीटरच्या असतात आणि माणसाला चावत नाहीत. त्यांतली लेप्टोपिलिना फळमाशीच्या अळीत अंडे घालते आणि तिचे पिल्लू अळीला आतून खाते. सुझुकीपुढे मात्र तिचे बहुधा काही चालले नाही. या अळीच्या शरीरात संरक्षक रक्तपेशी फार. त्या परक्या अंड्याला घेराव घालून गुदमरवून टाकतात.

मग उपाय सापडला तो पुढच्या अवस्थेत. अळीचा कोष झाला की तो हलत नाही आणि तसा घेरावही पडत नाही. ट्रायकोप्रिया ही स्थानिक गांधीलमाशी नेमकी कोषातच अंडे घालते. पॅकिक्रेपॉयडियस नावाची दुसरीही कोषावर जगते, पण ती कधी कधी इतर परोपजीवींनाही खाते, म्हणजे आपल्याच सैन्यावर गोळीबार!

ट्रायकोप्रिया आता वाढवून विकली जाते. आमच्याकडे सांगली जिल्ह्यात वडील उसातल्या खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड लावतात, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच की कार्डातले मित्रकीटक किडीची अंडी नष्ट करतात, ही कोष. वेळ मात्र साधावी लागते. उबदार हवेत माशीची पिढी साधारण दोन आठवड्यांत तयार होते, ट्रायकोप्रियाला तीन लागतात. म्हणून फळ पिकण्याआधीच, बागेच्या कडेच्या कुंपणात आणि रानटी झुडपांत तिला सोडतात, कारण माशी आधी तिथे वाढते. एवढे करूनही माशी संपत नाही, कमी होते. म्हणूनच 2021 मध्ये इटलीने माशीच्या मूळ प्रदेशातली गॅनास्पिस ही गांधीलमाशीही सोडली. अळीचा तो घेराव तिला अडवू शकत नाही.

हे वाचल्यावर आमच्या बाटलीच्या काचेला चिकटलेले रिकामे कोष मी भिंगाखाली पाहिले. माशी बाहेर पडते तेव्हा कोषाचे टोक झाकणासारखे उघडते. गांधीलमाशी मात्र भोक कुरतडून येते. आमच्या सगळ्या कोषांची झाकणे उघडलेली होती. आता सरांच्या परवानगीने मी एक केळे मेसच्या मागे पेरूच्या झाडाखाली ठेवले आहे.