केरिस : स्वच्छता आणि ओळख

जुन्या शस्त्रावरील गंज काढणे हे काम वरकरणी सोपे वाटते. परंतु गंजाबरोबर त्या शस्त्राची ओळखही पुसली जाऊ शकते, ही गोष्ट सहसा ध्यानी येत नाही. जावा बेटावरील केरिस या कट्यारीच्या उदाहरणाने ती स्पष्ट करावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

केरिसचे पाते मुठीपाशी एका अंगास अधिक रुंद असते. काही पाती सरळ, तर काही नागमोडी. वळणे मोजण्याची रीत ठरलेली असून त्यांची संख्या विषम धरतात. पात्याच्या घाटास 'धापुर', तर त्यावरील उजळ नक्षीस 'पामोर' म्हणतात. ही नक्षी कोरलेली वा रंगवलेली नसते. साधे लोखंड आणि निकेलयुक्त लोखंड यांचे थर एकत्र तापवून, ठोकून, दुमडून ती पात्याच्या अंगातच उतरवलेली असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रांबानन परिसरातील उल्कालोह सुराकार्ताच्या राजवाड्यात आणले गेले आणि तेही या कामी वापरले गेले.

घाट, पामोर, लोखंडाचा पोत आणि पात्याच्या तळाशी जोडलेला 'गोंजो' नावाचा तुकडा यांवरून जाणकार केरिसचा काळ व प्रदेश ठरवतात. या निर्णयास 'तांगुह' म्हणतात. मूठ आणि म्यान पुढे बदलली जात असल्यामुळे त्यांवर विसंबून चालत नाही.

आता स्वच्छतेकडे वळू. परंपरेप्रमाणे पाते प्रथम नारळाच्या पाण्यात भिजवतात, मग लिंबाच्या रसाने आणि 'लेराक' या रिठ्याच्या जातीच्या फळाने घासतात. गंज गेल्यावर पाते पूर्ण कोरडे करून त्यास लिंबाच्या रसात कालवलेले आर्सेनिकयुक्त द्रव्य लावतात. त्याने साधे लोखंड काळवंडते, निकेलयुक्त थर उजळ राहतात आणि नक्षी उठून दिसते. शेवटी सुगंधी तेलाचा हात फिरवतात. हे द्रव्य विषारी असल्यामुळे हे काम माहीतगारानेच करावे. शिवाय प्रत्येक वेळी आम्लाने थोडे लोखंड झिजते. म्हणून वारंवार धुतलेली जुनी पाती पातळ झालेली आढळतात, आणि अशा झिजेने तांगुह ठरवण्याची साधनेच नष्ट होतात.

तथापि, एखादा विशिष्ट केरिस कोणाचा होता हे केवळ पाते सांगू शकत नाही. राजपुत्र दिपोनेगोरो यांनी 1825 ते 1830 या काळात डच सत्तेशी युद्ध केले. त्यांचा 'कियाई नागा सिलुमान' हा केरिस 1831 मध्ये हॉलंडचा राजा पहिला विल्यम यास भेट देण्यात आला. पुढे राजसंग्रह विखुरला, तो केरिस लायडनच्या संग्रहालयात गेला आणि इतर केरिसांच्या गर्दीत त्याची ओळख हरवली. दिपोनेगोरो यांचे सेनानी सेंतोत यांची जावानी भाषेतील नोंद, चित्रकार रादेन सालेह यांचे टिपण आणि पात्यावरील नागाची आकृती यांचा मेळ घालून ती पुन्हा शोधली गेली, आणि मार्च 2020 मध्ये तो केरिस इंडोनेशियाला परत देण्यात आला. त्यानंतरही पात्याचा घाट आणि त्याचे नाव जुळत नाही, अशी शंका तेथील काही जाणकारांनी घेतली. ही शंका पडताळून पाहता येते, याचे कारण पाते व कागद दोन्ही शाबूत आहेत. पाते घासून चकचकीत केले असते आणि जुनी टिपणे रद्दीत गेली असती, तर वादास आधारच उरला नसता.

यातून एक व्यावहारिक नियम निघतो. घरातील जुनी वस्तू हाती आली, तर प्रथम तिचे छायाचित्र घ्यावे, मापे लिहावीत, सोबतचा कागदाचा चिटोरा वा दोरा जपून ठेवावा आणि वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेली हकीकत टिपून घ्यावी. स्वच्छतेचा विचार त्यानंतर करावा. गंज उद्याही काढता येईल. गेलेली खूण मात्र परत आणता येणार नाही.