आठ तासांचा चित्रपट आणि पिंप्राळ्याचा रथ

आषाढी एकादशीस पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो आणि कार्तिकी एकादशीस जळगावात श्रीरामाचा. चाकांखाली लाकडी मोगरी टाकून आवरला जाणारा, पूजेअर्चेसाठी वाटेत थांबणारा आणि दोराला लागलेल्या असंख्य हातांच्या बळावर पुन्हा हलणारा हा रथ, जे अंतर एखादा पादचारी अल्पावकाशात तोडील त्याच अंतरासाठी कित्येक तास घेतो. परंतु हा विलंब कोणासही जाचत नाही, कारण रथ कोठे जाणार हे सर्वांस आधीच ठाऊक असल्यामुळे पोहोचण्याविषयीचे कुतूहल तेथे उरतच नाही आणि सगळे लक्ष त्याच्या चालण्यावरच एकाग्र होते. रात्रभर तमाशा पाहून उजाडता घरी परतणाऱ्या आणि कानबाईच्या जागरात रात्र घालविणाऱ्या खानदेशी माणसाला अशा दीर्घ सहवासाची वहिवाट आहे.

म्हणूनच सात-सात, आठ-आठ तास चालणारे प्रयोगशील चित्रपट म्हणजे परदेशातील काही विक्षिप्तांचा छंद होय, अशी जी समजूत आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ आहे, ती मला अन्यायाची वाटते.

या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध दाखला अँडी वॉरहॉलच्या ‘एम्पायर’चा. १९६४ सालच्या जुलै महिन्यात, एका संध्याकाळी, न्यूयॉर्कमधील एका उंच इमारतीच्या एक्केचाळिसाव्या मजल्यावरून एम्पायर स्टेट इमारतीकडे कॅमेरा रोखला गेला आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत तो जागचा हलला नाही. सेकंदाला चोवीस चौकटी या वेगाने टिपलेले ते चित्रण सोळा चौकटींच्या वेगाने दाखवावयाचे असल्यामुळे पडद्यावर त्याचा विस्तार आठ तास पाच मिनिटांचा झाला. त्यात ध्वनी नाही, पात्र नाही, कथा नाही. संधिप्रकाश विरतो, इमारतीवरचे झोतदिवे लागतात, आणि ही एवढीच घटना, ज्याने तिची वाट पाहिली आहे त्याला, फार मोठी वाटते.

असे का व्हावे? नेहमीच्या चित्रपटात दृश्यातला मजकूर प्रेक्षकाच्या ध्यानी आला रे आला की संकलकाची कात्री चालते. दृश्य त्यापुढेही टिकविले, तर प्रेक्षक आधी अधीर होतो, मग कंटाळतो, आणि कंटाळ्याचीही मुदत संपली म्हणजे त्याची दृष्टी नव्याने हिंडू लागते: भिंतीवरचा ओलावा, पात्राच्या मानेची ठेवण, दूरवरून येणारा आवाज, ज्यांची कथेला गरज नव्हती अशा गोष्टी त्याला दिसू-ऐकू येऊ लागतात. माझ्या मते दीर्घ चित्रपटाचे खरे आकर्षण कंटाळ्याच्या या पैलतीरावर आहे.

बेला तार या हंगेरियन दिग्दर्शकाचा ‘सातानतांगो’ (१९९४) सात तासांहून अधिक चालतो. लास्लो क्रास्नाहोरकाई यांच्या कादंबरीवरून केलेल्या या चित्रपटाचे पहिलेच दृश्य असे की, गोठ्यातून गाई बाहेर पडतात, चिखलातून हिंडतात, ओसाड घरांच्या कडेने निघून जातात आणि कॅमेरा कित्येक मिनिटे त्यांच्या समांतर सरकत राहतो. गाव उजाड झाले आहे हे कोणी बोलून सांगत नाही. गाईंच्या मागोमाग जाता जाता ते आपल्या अंगात भिनते.

परंतु लांबीची अपरिहार्यता सर्वांत निर्विवादपणे सिद्ध केली ती शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेने, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी. तिच्या ‘जान दिलमान’ (१९७५) या तीन तास एकवीस मिनिटांच्या चित्रपटात एका विधवेच्या संसारातले तीन दिवस आहेत. ती बटाटे सोलते, अंथरूण घालते, भांडी घासते. आणि ही कामे जवळजवळ लागतात तितक्याच वेळात आपल्यासमोर पार पडतात. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. एवढ्याशा चुकीने प्रेक्षकाच्या काळजात चर्र होते, कारण तिच्या घरातली शिस्त तोवर त्याचीही झालेली असते. हेच दीड तासात उरकले असते तर ती चूक कोणाच्या लक्षातही आली नसती. २०२२ साली जगभरच्या समीक्षकांच्या प्रसिद्ध मतदानात या चित्रपटाला सर्वश्रेष्ठ स्थान मिळाले, याचे मला अतिशय समाधान वाटते.

प्रत्येक लांब चित्रपट वंदनीय असतो असे मात्र नव्हे. एका यंत्राचा कारखान्यापासून दुकानापर्यंतचा प्रवास उलट क्रमाने दाखविणारा ‘लॉजिस्टिक्स’ (२०१२) हा स्वीडिश चित्रपट ८५७ तासांचा आहे. त्याची कल्पना ऐकली की त्याचे बरेचसे सार हाती लागते, आणि जेथे कल्पनाच पुरेशी होते तेथे लांबी हा निव्वळ पराक्रम ठरतो.

मराठी प्रेक्षक अशा दीर्घतेला तयार नाही, हा आक्षेप तर वस्तुस्थितीलाच धरून नाही. महेश एलकुंचवार यांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तीन नाटके १९९४ साली ‘आविष्कार’ या संस्थेने चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली सलग सादर केली आणि धरणगावकर देशपांड्यांच्या घराण्याची पडझड आपल्या प्रेक्षकांनी तासन्‌तास एका बैठकीत पाहिली. पिढ्या बदलताना त्या वाड्यातल्या माणसांचे थकणे जसे सलग बसणाऱ्याच्या अंगावर येते, तसे तीन वेगळ्या रात्री येणाऱ्याच्या येत नाही.

जळगावसारख्या शहरातील नाट्यगृहांच्या चालकांना आणि चित्रपटप्रेमी मंडळींना माझी विनंती आहे की, वर्षातून एका सुटीच्या दिवशी असा एखादा चित्रपट दाखविण्याची त्यांनी तजवीज करावी. दुपारच्या जेवणासाठी खेळ काही काळ तहकूब ठेवावा, मधूनच उठून जाण्याची व परत येऊन बसण्याची मुभा सर्वांना असावी, आणि आरंभ ‘जान दिलमान’पासून करावा.