सतरा गुण का होत नाहीत?

डार्टबोर्डवर १ ते २० हे आकडे गोलाकार मांडलेले असतात, पण क्रमाने नाही. सर्वांत वर २०. त्याच्या एका बाजूला १, दुसऱ्या बाजूला ५. वीसवर नेम धरला आणि हात जरासा ढळला, की एक किंवा पाचावर समाधान मानावे लागते. शेजारशेजारच्या आकड्यांमधले सगळे फरक मिळवले तर १९८ होतात. हेच वीस आकडे कसेही फिरवून मांडले, तरी ही बेरीज २०० च्या पुढे जात नाही. म्हणजे नेमबाजाला चुकल्याची शिक्षा देण्यात या मांडणीने फारशी कसर ठेवलेली नाही.

बाहेरच्या अरुंद पट्टीत डार्ट रुतला तर आकड्याची दुप्पट, मधल्या पट्टीत तिप्पट. केंद्राचे ५० आणि त्याभोवतीच्या कड्याचे २५. एका पाळीत तीन डार्ट, त्यामुळे पाळीचे कमाल गुण १८०. नेहमीच्या खेळात ५०१ पासून गुण वजा करत नेमके शून्यावर यायचे असते, आणि शेवटचा डार्ट दुपटीच्या पट्टीत किंवा केंद्रातच लागावा लागतो. समजा, पहिल्या पाळीत वीसची तिप्पट, साधे वीस आणि पाच मिळाले: ६०, २० आणि ५, एकूण ८५. आता ५०१ मधून ८५ वजा करायचे. सरावलेला खेळाडू उभी वजाबाकी मांडत नाही. तो शंभर काढतो, ४०१ उरतात. जास्तीचे काढलेले १५ परत घालतो, ४१६.

गुण मोजण्याचा उपयोग प्राथमिक शाळेतल्या मुलांना तोंडी बेरजेसाठी होतो, कारण तीन आकडे कोणत्या क्रमाने मिळवायचे हे त्यांनाच ठरवावे लागते. १७, ५ आणि १३ आले तर आधी १७ आणि १३ जोडून ३० करायचे, मग ५ मिळवायचे. डावीकडून ओळीने जाणारे मूल १७ आणि ५ चे २२ करते, त्यात १३ मिळवते. उत्तर तेच, पण मध्ये पूर्ण दशकाची सोय मिळत नाही. १७, १८, १९ आले तर हुशारी वेगळीच: मधल्या १८ ची तिप्पट, ५४.

लहान मुले मुळात बेरीज कशी करतात, याचा अभ्यास गाय ग्रोएन आणि जॉन पार्कमन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केला. पहिलीतल्या मुलांना उत्तर द्यायला लागणारा वेळ दोन संख्यांपैकी लहान संख्येनुसार वाढतो, असे त्यांना आढळले. ३ आणि ९ ची बेरीज विचारली तर मूल मनात ९ धरते आणि दहा, अकरा, बारा असे पुढे मोजते. ही पायरी चुकीची नाही, पण तिथेच अडकून चालत नाही. ८ आणि ७ मिळवताना सातातले दोन आठाला देऊन दहा पुरे करणे आणि उरलेले पाच त्यावर ठेवणे, ही पुढची पायरी. फळ्यावरच्या दहावीस बेरजा करायला मुले कंटाळतात. पाळी आपली असली की त्याच बेरजा न सांगता करतात.

मात्र गुणांची नुसती बेरीज हा या खेळाचा कमी मोलाचा भाग आहे. खरा व्यायाम उलट्या कोड्यात होतो: एकूण गुण दिलेले, नेम कुठे कुठे लागले ते शोधायचे.

डार्टबोर्डाऐवजी तीनच वर्तुळांचा फलक घेऊन त्यांचे गुण ३, ७ आणि ११ ठेवावेत. तिन्ही नेम फलकावर लागले, एकूण २० गुण होतील का? मुले बराच वेळ झटतात. कधी १९ ची आशा असते, कधी १७ किंवा २१ येतात, २० काही येत नाहीत. मग कुणाच्या तरी लक्षात येते की तिन्ही आकडे विषम आहेत आणि तीन विषम संख्यांची बेरीज विषमच होणार. त्या अवधीत मुलाने सात-आठ बेरजा केलेल्या असतात, त्याही कुणी न घालता. पुढे कळते की १९ सुद्धा अशक्यच, कारण इथे गुण ९, १३, १७ असे चारचाराच्या उडीने ३३ पर्यंत जातात. नेमांच्या जोडण्या दहा, पण वेगळे एकूण गुण सातच. आकडे बदलून १, ५ आणि १० केले तर दहाही जोडण्यांचे गुण वेगवेगळे येतात. कोडे रचणाऱ्याने आकडे असे पारखून घ्यावेत. अंदाधुंद घातलेल्या आकड्यांत असे काही सापडेलच असे नाही.

थोड्या मोठ्या मुलांसाठी दोनच वर्तुळे पुरतात: ४ आणि ७, नेम हवे तितके. १७ गुण होतात का? एकही सात नको म्हटले तर १७ ला चाराने भाग जात नाही. एक सात घेतला तर १० उरतात, दोन घेतले तर ३. चाराने दोन्हींना भाग जात नाही. म्हणून १७ अशक्य. पण १८ (४, ७, ७), १९ (४, ४, ४, ७), २० (पाच चोक) आणि २१ (तीन साते) जमतात. सलग चार संख्या जमल्या की प्रत्येकीत चार-चार मिळवत पुढच्या सगळ्या जमतात. म्हणजे न जमणारी सर्वांत मोठी संख्या १७. दोन आकड्यांना १ शिवाय सामाईक विभाजक नसेल, तर त्यांच्या गुणाकारातून ते दोन्ही वजा केले की ही संख्या मिळते: २८ वजा ४ वजा ७.

पूर्णांकातच उत्तर हवे असलेल्या अशा समीकरणांची परंपरा भारतात जुनी आहे. आर्यभटाने ४९९ मध्ये ती सोडवण्याची रीत दिली आणि भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त तिचे ‘कुट्टक’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणादेवी येथे, म्हणजे खानदेशात आहे.

खऱ्या डार्टला अणकुचीदार टोक असते, ते लहान मुलांच्या हाती देऊ नये. त्याची गरजही नाही. शिंदखेड्याच्या एखाद्या शाळेच्या ओट्यावर खडूने तीन वर्तुळे काढता येतात आणि कापसाच्या या पट्ट्यात सरकी भरलेल्या कापडी पुरचुंड्या फुकटात तयार होतात. पुरचुंड्या फेकून झाल्या की गुण मोठ्याने बोलायचे. मराठीत ‘सत्तेचाळीस’ म्हणताना एकक आधी आणि दशक नंतर येतो. तोंडी बेरजेत मात्र दशक आधी हाताळणे सोयीचे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाने २०१९ मध्ये ‘चाळीस सात’ असे वाचनही दिले, तेव्हा राज्यभर वाद झाला. खेळताना दोन्ही म्हणू द्यावे. त्यात मुलाचे नुकसान काही नाही.

घड्याळ मात्र लावू नये. वेळेचा धाक बसला की ज्याला आधीच येते तेच मूल बोलते आणि बाकीची गप्प बसतात.

शेवटचा मुद्दा खेळाच्या मर्यादेचा. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब तोंडी करणारी ही मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या उदाहरणांत अडखळली, आणि शाळेत जाणारी मुले बाजारातल्या हिशेबात. एका ठिकाणची बेरीज दुसरीकडे आपोआप जात नाही. म्हणून ओट्यावरचा डाव संपला की त्याच गुणांची बेरीज मुलांकडून वहीत लिहून घ्यावी, आणि ४ व ७ च्या वर्तुळांत १७ का जमत नाहीत हेही त्यांच्याच शब्दांत लिहायला सांगावे.